फोर-एल-सिक्स्टी-ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: आतील प्लॅनेटरी गिअर संच उघडून पुन्हा बांधण्याची पद्धत

शेव्हर्ले आणि जीएमसीच्या टाहो, सबर्बन, युकॉन, सिल्व्हराडो अशा गाड्यांमध्ये १९९३ पासून अनेक वर्षे बसवला गेलेला चार गतींचा फोर-एल-सिक्स्टी-ई गिअरबॉक्स भारतात क्वचितच हाताखाली येतो. आखातातील गॅरेजांमध्ये काम करणाऱ्या मराठी मेकॅनिकांना आणि अमेरिकेत घरच्या घरी गाडीचे काम करणाऱ्यांना मात्र तो वारंवार उघडावा लागतो. या कामात दोन चुका सतत होताना दिसतात. पहिली चूक म्हणजे नेमका कोणता भाग गेला आहे हे न ठरवता क्लचचा संच बदलणे; गिअरबॉक्स पुन्हा गाडीत बसल्यावर रिव्हर्स पडत नाही ते नाहीच. दुसरी चूक म्हणजे ड्रम (क्लच सामावणारा गोल डबा) पूर्ण खाली बसलेला नसताना पंपाचे बोल्ट आवळून त्याला जबरदस्तीने खाली दाबणे, ज्यामुळे पहिल्याच मिनिटात नवे भाग मोडतात. या लेखात गिअर संचावर, म्हणजे सन गिअर (मधला), पिनिअन (त्याभोवतीचे छोटे गिअर), कॅरिअर (पिनिअन धरणारी चौकट), रिंग गिअर (बाहेरचा, आतून दातेरी) आणि त्यांना जोडणाऱ्या शेलवर, मुख्य भर दिला आहे. क्लच पॅक आणि व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) यांचा उल्लेख गिअर संचाशी संबंध येतो तेवढाच केला आहे.

१. उघडण्याआधीचे निदान

या गिअरबॉक्समध्ये दोन प्लॅनेटरी संच आहेत. पुढच्याला इनपुट संच आणि मागच्याला रिअ‍ॅक्शन संच म्हणतात. पुढचा कॅरिअर आउटपुट शाफ्टला जोडलेला असतो आणि मागची रिंगही त्याच शाफ्टला जोडलेली असते. पुढची रिंग आणि मागचा कॅरिअर एका शाफ्टने परस्परांशी बांधलेले असतात. मागचा सन गिअर एका मोठ्या पत्र्याच्या शेलमधून रिव्हर्स ड्रमशी जोडला जातो. एवढी जोडणी डोक्यात पक्की बसली की बहुतेक निदान गिअरबॉक्स न उघडताच करता येते.

पहिला गिअर ३.०६, दुसरा १.६३, तिसरा १.००, चौथा ०.७० आणि रिव्हर्स २.२९ असे याचे प्रमाण आहे. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला बँड (ड्रमभोवतीचा पट्टा) रिव्हर्स ड्रमला धरून मागचा सन गिअर थांबवतो, तर रिव्हर्सला तोच सन गिअर त्याच शेलमधून फिरवला जातो. म्हणून दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकाच वेळी गेले असतील आणि पहिला व तिसरा चालत असतील, तर दोष बहुधा सन शेलमध्येच असतो. त्याची आतली स्प्लाइन (सन गिअरला पकडणाऱ्या दातेरी खाचा) घासून नाहीशी झालेली असते किंवा ती स्प्लाइन असलेली मधली कॉलर मुळातून तुटलेली असते. अशा वेळी रिव्हर्सचे क्लच बदलून काहीही साध्य होत नाही.

फक्त रिव्हर्स गेला असून दुसरा व चौथा नीट पडत असतील, तर शेलवर संशय घेऊ नये. लीव्हर १ वर घेऊन उतारावर इंजिनाचा ब्रेक लागतो का ते पाहावे. लागत असेल तर लो-रिव्हर्स क्लच शाबूत आहे आणि दोष रिव्हर्स ड्रममधल्या रिव्हर्स इनपुट क्लचकडे शोधावा. लागत नसेल तर लो-रिव्हर्स क्लचकडेच पाहावे. तिसरा आणि चौथा दोन्ही गेले असतील तर थ्री-फोर क्लच जळलेला असतो, कारण तोच पुढच्या रिंगला गती देतो. ओव्हरड्राइव्हमध्ये गाडी पुढे सरकत नाही, पण लीव्हर १ वर घेतल्यावर सरकते, असे असेल तर फॉरवर्ड स्प्रॅग किंवा लो रोलर क्लच या एकाच दिशेने अडवणाऱ्या (वन-वे) क्लचांपैकी एक निसटत आहे.

तेलाचा चेंबर उघडल्यावर चुंबकावर काय चिकटले आहे तेही निदानातच धरावे. बारीक राखाडी लगदा ही नेहमीची झीज आहे. पिवळसर चमकदार कण बुश (शाफ्टभोवतीची मऊ धातूची नळी) किंवा वॉशर झिजल्याचे सांगतात. टोकदार लोखंडी तुकडे दिसले तर गिअरचा दात किंवा शेलची स्प्लाइन मोडली आहे असे समजावे. तेल काळे आणि जळक्या वासाचे असेल तर क्लच गेलेले आहेतच.

*तपासणी:* कोणता गिअर पडतो आणि कोणता पडत नाही, हे कागदावर लिहिल्याशिवाय गिअरबॉक्स खाली उतरवू नये. उघडल्यावर सापडलेला मोडका भाग त्या नोंदीशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर दुसरा दोष अजून आत आहे.

२. जागा, हत्यारे आणि सुटे भाग

या कामाला गॅरेजचा साधा कोपरा पुरत नाही. धूळ नसलेले, पाण्याने व सॉल्व्हंटने धुता येईल असे पत्र्याचे टेबल आणि झाकण असलेले ट्रे लागतात. वाळूच्या प्रदेशात काम करणाऱ्यांनी दार बंद असलेली खोली वापरावी. व्हॉल्व्ह बॉडीत शिरलेला वाळूचा एक कण व्हॉल्व्ह अडकवायला पुरेसा असतो, आणि तो दोष शोधण्यात आठवडा जातो.

नेहमीच्या हत्यारांखेरीज डायल गेज आणि त्याचा स्टँड, फिलर गेज, नवी किंवा नीट तपासलेली टॉर्क रेंच, स्नॅप रिंगचे आतले व बाहेरचे पक्कड, क्लच स्प्रिंग दाबण्याचे साधन, पंप ओढण्याचे स्लाइड हॅमर आणि दाब कमी करता येईल अशी हवेची लाइन एवढे तरी हवे. इनपुट ड्रमच्या शाफ्टवरच्या चार टेफ्लॉन रिंगा बसवण्यासाठी व पुन्हा आकारात आणण्यासाठी स्वतंत्र साधन मिळते. ते उसने आणावे, पण त्याशिवाय काम करू नये.

सुट्या भागांत सर्व सील व गॅस्केट, फ्रिक्शन आणि स्टील प्लेट, बुशांचा पूर्ण संच, थ्रस्ट वॉशर, फिल्टर, नवा बँड आणि नवा किंवा कारखान्यात उघडून बांधलेला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची गती तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) हे किमान. शेल तुटलेला असेल तर कडक केलेल्या धातूचा, जाड कॉलरचा शेल घ्यावा. बाजारात तो सहज मिळतो आणि किमतीतला फरक पुन्हा एकदा गिअरबॉक्स उतरवण्याच्या कष्टापुढे नगण्य आहे. बुशांचा संच मात्र पैसे वाचवण्यासाठी अनेकजण टाळतात. माझ्या मते या कामात सर्वांत महागात पडणारी बचत हीच आहे. झिजलेल्या बुशमुळे सन गिअर वाकडा फिरतो, त्याची स्प्लाइन एका बाजूने घासली जाते, आणि जुना शेल ज्या कारणाने मोडला त्याच कारणाने नवा शेलही मोडतो.

*इशारा:* आपल्या गाडीचे वर्ष आणि गिअरबॉक्सचा कोड पाहूनच भाग मागवावेत. व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड, सेन्सर आणि चेक बॉलची (तेलवाटा उघडबंद करणाऱ्या छोट्या गोळ्यांची) संख्या वर्षांनुसार बदललेली आहे.

३. गाडीतून खाली उतरवणे

बॅटरीची तार काढावी, गाडी लिफ्टवर किंवा भक्कम स्टँडवर घ्यावी आणि तेल पूर्ण काढावे. कन्व्हर्टरचे बोल्ट आधी सोडवून कन्व्हर्टर मागे ढकलावा, म्हणजे तो गिअरबॉक्सबरोबरच बाहेर येतो. रिकामा गिअरबॉक्स सुमारे ७० किलोचा असतो. तो साखळी बांधून ट्रान्समिशन जॅकवरच उतरवावा. उतरवताना बेल हाउसिंग (इंजिनाला जोडणारे पुढचे रुंद तोंड) खाली झुकू देऊ नये, नाहीतर कन्व्हर्टर घसरून पायावर पडतो.

४. उघडण्यापूर्वीची मोजणी

कन्व्हर्टर काढून गिअरबॉक्स बेल हाउसिंग वर येईल असा उभा ठेवावा आणि आउटपुट शाफ्टला खालून आधार द्यावा. डायल गेजचे टोक इनपुट शाफ्टच्या टोकावर लावून शाफ्ट वर ओढावा व खाली सोडावा. काट्याची जी हालचाल दिसेल तो एंड प्ले, म्हणजे शाफ्टची लांबीच्या दिशेतली मोकळीक. त्याची मर्यादा ०.१३ ते ०.९२ मिलिमीटर आहे. हा आकडा लिहून ठेवावा, कारण बांधणीनंतर याच आकड्याशी तुलना करायची आहे. जुना प्ले मर्यादेच्या बाहेर असेल तर एखादा थ्रस्ट वॉशर पार झिजला आहे किंवा फुटला आहे, आणि तो नेमका कोणता हे उघडताना शोधावे लागेल. ही मोजणी वगळणाऱ्याला नवा वॉशर कोणत्या जाडीचा घ्यावा हे नंतर अंदाजाने ठरवावे लागते.

त्यानंतर चेंबर, फिल्टर, वायरिंग, व्हॉल्व्ह बॉडी आणि अ‍ॅक्युम्युलेटर काढावेत. व्हॉल्व्ह बॉडी सुटताच चेक बॉल खाली पडतात, म्हणून खाली स्वच्छ ट्रे ठेवावा आणि प्रत्येक बॉल कोणत्या खाचेतला होता याचा फोटो आधी काढावा. केसच्या बाजूचा सर्व्हो (बँड आवळणारा पिस्टन) त्याच्या स्नॅप रिंगसह काढावा; आतील स्प्रिंग झाकणाला बाहेर ढकलते, म्हणून झाकण दाबून धरूनच रिंग सोडवावी.

*इशारा:* कन्व्हर्टर क्लचचा सोलेनॉइड केसमधून थेट पंपात गेलेला असतो. तो आधी बाहेर न काढता पंप ओढला तर सोलेनॉइड मोडतो आणि कधी पंपाचे छिद्रही खराब होते. पंपाला हात लावण्याआधी तो बाहेर आला आहे ना, हे पुन्हा एकदा पाहावे.

५. गिअर संच बाहेर काढण्याचा क्रम

पंपाचे बोल्ट काढून स्लाइड हॅमरने पंप सरळ वर ओढावा. त्यानंतर इनपुट शाफ्ट धरून रिव्हर्स ड्रम आणि इनपुट ड्रम एकत्रच वर उचलावेत. बँड आणि त्याचा अँकर पिन वेगळा काढावा. आता वरून पुढचा सन गिअर आणि पुढचा कॅरिअर दिसू लागतो. सन गिअर उचलून बाजूला ठेवावा.

मागचे हाउसिंग काढून झाल्यावर आउटपुट शाफ्टच्या पुढच्या टोकावरची, पुढच्या कॅरिअरमधली स्नॅप रिंग काढायची असते. ती निघताच आउटपुट शाफ्ट खाली सुटतो, म्हणून खालून आधार कायम असावा. पुढचा क्रम असा आहे: पुढचा कॅरिअर, त्याखालचा थ्रस्ट वॉशर, पुढची रिंग आणि तिचा रिअ‍ॅक्शन शाफ्ट, सन शेल व त्यातला मागचा सन गिअर, लो-रिव्हर्स सपोर्ट आणि त्यातला रोलर क्लच, लो-रिव्हर्स क्लचच्या प्लेट, मागचा कॅरिअर, शेवटी मागची रिंग व तिचे बेअरिंग.

प्रत्येक थ्रस्ट वॉशर आणि बेअरिंग ज्या भागाला चिकटून येईल त्या भागाबरोबरच, त्याच बाजूने वर ठेवावे. बेअरिंगची कोणती बाजू वर होती हे लक्षात राहील या भरवशावर पुढे जाऊ नये. सगळे भाग टेबलावर सुटले त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे मांडावेत आणि प्रत्येक टप्प्याला एक फोटो काढावा. दुसरा माणूस हाताशी असेल तर त्याने फक्त नोंद ठेवावी.

६. धुणे आणि तपासणी

सर्व भाग सॉल्व्हंटने धुऊन हवेने वाळवावेत. सुती चिंधी वापरू नये. तिचे धागे व्हॉल्व्ह अडवतात. बेअरिंग हवेच्या झोताने फिरवू नये, त्याने रोलर खराब होतात. केसच्या सर्व तेलवाटांमधून हवा आणि सॉल्व्हंट जाऊ द्यावे, आणि मोडलेल्या भागाचा चुरा जिथे जिथे गेला असेल त्या सर्व जागा धुवाव्यात. व्हॉल्व्ह बॉडी आणि पंप न उघडता बाहेरून धुतले तर काम अर्धेच होते.

आता कॅरिअर. प्रत्येक पिनिअन आपल्या पिनावर बोटाने फिरवावा. कुठेही खडखड किंवा अडखळ जाणवता कामा नये. नंतर फिलर गेजची पट्टी पिनिअनचा वॉशर आणि कॅरिअरचा चेहरा यांच्यामध्ये सरळ घालावी, तिरकी नाही. पिनिअनचा प्ले ०.२० ते ०.६० मिलिमीटरच्या आत असावा, आणि एका कॅरिअरमधले सर्व पिनिअन एकमेकांच्या जवळपास असावेत. तीन पिनिअन ०.३० वर आणि चौथा ०.५५ वर असेल, तर मर्यादेत असूनही तो कॅरिअर मी वापरणार नाही, कारण त्या एका पिनाला तेल नीट पोहोचलेले नसते. पिनाची टोके ठोकून बसवलेली असतात. ती सैल झालेली किंवा फिरलेली दिसली तर कॅरिअर बदलावा. निळसर पडलेला पिन म्हणजे तेलाशिवाय तापलेला पिन. कॅरिअर उघडून एखादाच पिनिअन बदलण्याच्या भानगडीत पडू नये. कॅरिअर संपूर्ण बदलायचा भाग आहे.

शेलची तपासणी उजेडात करावी. आतल्या कॉलरमध्ये टॉर्च धरून स्प्लाइनचे दात नखाने एकेक तपासावेत. नव्या शेलचे दात माथ्यावर सपाट असतात, झिजलेल्याचे माथे धारदार होतात. कॉलर जिथे पत्र्याला जोडलेली असते त्या मुळाशी केसासारखी बारीक तडा पाहावी. तडा दिसत नसेल तर तो भाग कोरडा पुसून पुन्हा पाहावा, कारण तेलाचा थर तडा लपवतो. रिव्हर्स ड्रमच्या कड्या ज्या खाचांमध्ये बसतात त्या खाचाही घासलेल्या नसाव्यात. शेल ठीक दिसला तरी मागच्या सन गिअरची बाहेरची स्प्लाइन न विसरता पाहावी. नवा शेल आणि झिजलेला सन गिअर ही जोडी फार काळ टिकत नाही.

सन गिअरच्या आतले बुश, रिअ‍ॅक्शन शाफ्टचा बुश, पंपाचा बुश आणि केसच्या मागचा बुश शाफ्टवर बसवून हलवून पाहावेत. शाफ्ट बाजूला डुलत असेल तर बुश बदलावा. नवा बुश योग्य मापाच्या ड्रायव्हरने सरळ दाबावा आणि तेलाचे छिद्र बरोबर जुळवावे. हातोडी व सॉकेट वापरून तिरका ठोकलेला बुश जुन्या बुशपेक्षा वाईट.

*तपासणी:* थ्रस्ट वॉशरच्या कानांपैकी एकही तुटलेला आढळला, तर तो तुकडा सापडेपर्यंत धुण्याचे काम संपलेले नाही.

७. वन-वे क्लचची दिशा

स्प्रॅग आणि रोलर क्लच उलटे बसवले जाणे ही सर्वांत दुःखदायक चूक आहे, कारण बांधणी वरून अगदी बरोबर दिसते. कोणत्या बाजूने पाहत आहोत हे न ठरवता "घड्याळाच्या दिशेने" असे वाक्य वाचले की हमखास गोंधळ होतो.

लो रोलर क्लचचा नियम बेल हाउसिंगच्या बाजूने, म्हणजे वरून पाहताना असा आहे: आतली रेस (कडे) घड्याळाच्या दिशेने मोकळी फिरली पाहिजे आणि उलट दिशेने लगेच अडकली पाहिजे. पहिल्या गिअरला मागचा कॅरिअर उलट फिरू पाहतो आणि त्याला रोलर क्लच रोखतो. वरच्या गिअरांना तो सरळ फिरतो, म्हणून त्याला मोकळे सोडावे लागते.

फॉरवर्ड स्प्रॅगची बाहेरची रेस फॉरवर्ड क्लचने चालते आणि आतली रेस पुढच्या सन गिअरला फिरवते. बाहेरची रेस हातात घट्ट धरून पुढच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूने पाहिले, तर सन गिअर घड्याळाच्या दिशेने मोकळा फिरावा आणि उलट दिशेने अडकावा. ड्रम टेबलावर उलटा ठेवलेला असताना मागून पाहाल, तर दिशा उलटी दिसेल. म्हणून भाग हातात घेऊन पुढची बाजू आपल्याकडे करूनच तपासावे.

स्प्रॅगच्या दातांवर किंवा रेसवर सपाट झीज, डाग किंवा खड्डे दिसले तर पूर्ण संच बदलावा. फिरवताना कधी अडकतो, कधी निसटतो असा स्प्रॅग गाडीच्या पूर्ण भाराखाली टिकणार नाही.

८. मागून पुढे बांधणी

फ्रिक्शन प्लेट बसवण्याआधी किमान अर्धा तास नव्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेलात बुडवून ठेवाव्यात. वॉशर आणि बेअरिंग जागेवर धरून ठेवायला फक्त व्हॅसलीन वापरावे. साधे ग्रीस तेलात विरघळत नाही आणि फिल्टर व व्हॉल्व्ह अडवते.

केस उभी ठेवून लो-रिव्हर्स पिस्टन नव्या सीलसह बसवावा, स्प्रिंग दाबून स्नॅप रिंग लावावी आणि रिंग खाचेत पूर्ण बसली आहे का हे बोटाने सर्व बाजूंनी फिरवून पाहावे. नंतर मागची रिंग व तिचे बेअरिंग, मग मागचा कॅरिअर, त्याच्या बाहेरच्या दात्यांवर लो-रिव्हर्सच्या स्टील व फ्रिक्शन प्लेट आलटून पालटून, मग रोलर क्लचसह सपोर्ट आणि त्याची स्नॅप रिंग. सपोर्टजवळची छोटी स्प्रिंग विसरू नये. ती नसेल तर रिव्हर्स टाकताना ठक्क असा आवाज येतो.

या टप्प्यावर थांबून रोलर क्लचची दिशा वरून पुन्हा तपासावी. पुढचे सगळे बसल्यावर येथे हात पोहोचत नाही.

मग शेल आणि सन गिअर, त्यावरचा वॉशर, रिअ‍ॅक्शन शाफ्ट व पुढची रिंग, पुढचा वॉशर, पुढचा कॅरिअर, आणि खालून आउटपुट शाफ्ट. आउटपुट शाफ्टच्या टोकावरची स्नॅप रिंग नेहमी नवी लावावी. ती खाचेत बसल्यावर शाफ्ट खाली ओढून पाहावा. रिंग निसटली नाही तरच पुढचा सन गिअर कॅरिअरमध्ये बसवून पुढे जावे. प्रत्येक भाग स्वतःच्या वजनाने व हाताने हलकेच फिरवल्यावर खाली गेला पाहिजे. जो भाग दाबावा लागतो तो चुकीच्या जागी अडकलेला आहे.

९. ड्रम खाली उतरवणे

फॉरवर्ड, ओव्हररन आणि थ्री-फोर हे तीनही क्लच इनपुट ड्रममध्ये असतात. शाफ्टवरच्या टेफ्लॉन रिंगा साधनाने पसरवून बसवाव्यात आणि आकारात आणण्याच्या नळीत काही वेळ ठेवाव्यात. रिंग खाचेच्या बाहेर उभी राहिलेली असताना ड्रम पंपात ढकलला तर रिंग कापली जाते, आणि तिसरा गिअर घसरण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

रिव्हर्स ड्रम इनपुट ड्रमवर बसवून, बँड जागेवर ठेवून, दोन्ही ड्रम एकत्र खाली सोडावेत. खाली जाताना तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: स्प्रॅगची आतली रेस पुढच्या सन गिअरच्या स्प्लाइनवर बसली पाहिजे, थ्री-फोर क्लचच्या सर्व फ्रिक्शन प्लेट पुढच्या रिंगच्या बाहेरच्या दात्यांवर बसल्या पाहिजेत, आणि रिव्हर्स ड्रमच्या कड्या शेलच्या खाचांमध्ये गेल्या पाहिजेत. बहुतेक जण पहिल्या दोन प्लेट जुळल्या की काम झाले असे समजतात. शेवटची प्लेट मात्र रिंगच्या वरच राहते.

शाफ्ट दोन्ही हातांनी धरून थोडा वर उचलत, पुढे-मागे छोट्या झटक्यांनी फिरवत ड्रम खाली सोडावा. प्रत्येक प्लेट बसताना ड्रम किंचित खाली जातो आणि हाताला हलकी ठेच जाणवते. शेवटच्या ठेचेनंतर ड्रम अजिबात खाली जात नाही आणि शेलच्या खाचांमध्ये कड्या पूर्ण आत दिसतात. टॉर्च टाकून बाजूच्या छिद्रातून हे डोळ्यांनी पाहावे. ड्रमचा वरचा चेहरा केसवरच्या पंपाच्या बैठकीपासून पुरेसा खाली असला पाहिजे.

*इशारा:* ड्रम वर राहिला असेल तर पूर्ण बाहेर काढावा, प्लेटचे दात पुन्हा एका रेषेत करावेत आणि नव्याने सोडावा. हातोडी, लाकडी ठोकळा किंवा पंपाचे बोल्ट यांचा वापर करू नये. हा टप्पा घाईत उरकण्यासारखा नाही. एक तास गेला तरी चालेल.

बँडचा अँकर पिन आता बसवावा आणि बँडचे टोक त्यावर नीट टेकले आहे हे पाहावे.

१०. पंप आणि एंड प्ले

पंपाचे दोन भाग परस्परांशी न सरकलेल्या अवस्थेत, पट्टीने आवळून एकरेषेत आणूनच बांधावेत. थोडीही बाजू सरकली तर पंप केसमध्ये बसत नाही. नवे गॅस्केट आणि बाहेरचा सील तेल लावून बसवावा. पंप हाताने जितका खाली जाईल तितका ढकलावा, मग बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत.

प्रत्येक दोन बोल्टनंतर इनपुट शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो अडखळला की आवळणे तिथेच थांबवावे, पंप पुन्हा काढावा आणि ड्रम तपासावा. ही एक तपासणी नीट केली तर या कामातले सर्वांत मोठे नुकसान टळते.

नंतर सुरुवातीप्रमाणेच डायल गेज लावून एंड प्ले मोजावा. तो ०.१३ ते ०.९२ मिलिमीटरमध्ये यायलाच हवा. मी तो मर्यादेच्या खालच्या अर्ध्यात ठेवणे पसंत करतो. जास्त आला तर इनपुट ड्रम आणि पंप यांच्यामधला, वेगवेगळ्या जाडीत मिळणारा वॉशर जाड घ्यावा, कमी आला तर पातळ. जुना आणि नवा आकडा यांत फार मोठा फरक असेल, तर केवळ वॉशर बदलून भागवू नये. एखादा वॉशर राहिला आहे का किंवा दोन बसले आहेत का, ते आधी शोधावे.

११. हवेने तपासणी आणि व्हॉल्व्ह बॉडी

व्हॉल्व्ह बॉडी बसवण्याआधी केसच्या तेलवाटांमधून प्रत्येक क्लच व सर्व्होला सुमारे २ ते ३ बार दाबाची कोरडी हवा द्यावी. क्लच बसतो तेव्हा घट्ट, दबका आवाज येतो. नुसती सूं सूं ऐकू आली तर सील दुमडलेला किंवा कापलेला आहे. हे आता सापडले तर दोन तासांचे काम आहे, गाडीत बसवल्यावर दोन दिवसांचे.

चेक बॉल फोटोनुसार व्हॅसलीनने जागेवर लावावेत. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने ८ ते १४ न्यूटन-मीटरवर आवळावेत. जास्त आवळले तर व्हॉल्व्ह वाकतात आणि अडकतात. नवा फिल्टर आणि त्याचा सील बसवून चेंबर बंद करावा.

१२. कन्व्हर्टर, कूलर आणि तेल

मोडलेल्या गिअरचा चुरा कन्व्हर्टरमध्ये आणि रेडिएटरच्या कूलरमध्ये साठलेला असतो. जुना कन्व्हर्टर तेल ओतून हलवून स्वच्छ होत नाही. कूलर दोन्ही दिशांनी सॉल्व्हंटने धुवावा, हवेने वाळवावा; तेल मोकळे वाहत नसेल तर कूलरच बदलावा. आखातात उन्हाळ्यात ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना स्वतंत्र जादा कूलर बसवणे मी नेहमीच सुचवतो.

कन्व्हर्टरमध्ये एक लिटर तेल घालून तो शाफ्टवर सरकवावा आणि फिरवत ढकलावा. तो तीन वेळा खाली बसल्याचे हाताला जाणवले पाहिजे. गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्स प्लेट (इंजिनाची, कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात ती चकती) यांच्यामध्ये सुमारे ३ ते ५ मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. जागाच नसेल तर कन्व्हर्टर पंपात पूर्ण शिरलेला नाही; तसेच बोल्ट आवळले तर इंजिन सुरू करण्याआधीच पंप फुटतो.

तेल डेक्स्रॉन-सहा घालावे. मोठ्या २९८ मिलिमीटरच्या कन्व्हर्टरसह पूर्ण कोरड्या गिअरबॉक्सला सुमारे १०.६ लिटर, लहान २४५ मिलिमीटरच्या कन्व्हर्टरसह सुमारे ७.९ लिटर लागते. आधी पाच लिटर ओतावे, इंजिन सुरू करावे आणि ते चालू असतानाच उरलेले हळूहळू घालावे.

१३. पहिली चालवणी

मागची चाके स्टँडवर अधांतरी ठेवून लीव्हर प्रत्येक जागी काही सेकंद ठेवावा, म्हणजे तेल सगळीकडे पोहोचते. गळती पाहून गाडी खाली घ्यावी. तेल गरम झाल्यावर, म्हणजे ८२ ते ९३ अंश सेल्सिअसला, लीव्हर पार्कमध्ये व इंजिन आयडलवर असताना पट्टीवर पातळी तपासावी. थंड तेलावर पातळी पूर्ण दाखवणारी पट्टी गरम झाल्यावर जास्त दाखवते.

कॉम्प्युटरच्या जुन्या शिफ्ट नोंदी स्कॅनरने पुसून टाकाव्यात, नाहीतर झिजलेल्या क्लचसाठी वाढवलेला दाब नव्या क्लचवर तसाच लागतो. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर हलक्या पायाने चालवत पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचे सर्व बदल आणि रिव्हर्स पाहावेत, आणि सुरुवातीच्या नोंदीत लिहिलेला प्रत्येक दोष एकेक करून तपासावा. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नये. तेवढे अंतर झाल्यावर चेंबर उघडून चुंबक पाहावा: बारीक राखाडी लगदा असेल तर फिल्टर व तेल बदलून गाडी मालकाला द्यावी, टोकदार कण असतील तर गाडी चालवणे तिथेच थांबवून गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा.